बफिंगने मरणारी घड्याळं

सिन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांना देवळालीच्या तोफांचा सराव नवा नाही. लखलखाट आधी दिसतो, धडाका मागाहून येतो. मधले सेकंद मोजले की तोफ किती लांब ते कळतं, कारण एक किलोमीटर कापायला आवाजाला साधारण तीन सेकंद लागतात. हा हिशेब मनगटावर करून देणारी घड्याळं शंभर वर्षांपासून आहेत. उजेड दिसताच बटण दाबायचं, आवाज येताच पुन्हा दाबायचं. काटा तबकडीच्या कडेला छापलेलं अंतर दाखवतो. त्या आकड्यांना टेलीमीटर म्हणतात. पावसाळ्यात विजेवरही हे करून पाहता येतं.

ही घड्याळं म्हणजे क्रोनोग्राफ. नेहमीची वेळ चालूच राहते आणि हवा तेवढा अवधी वेगळा मोजता येतो. काहींवर टॅकीमीटर असतो. सिन्नरहून पुण्याकडे जाताना गाडीत शेजारी बसून किलोमीटरच्या लागोपाठच्या दोन दगडांमधला वेळ घ्यावा. ४५ सेकंद लागले तर काटा ८० वर थांबतो, म्हणजे तेवढा वेग. डॉक्टरांसाठी नाडीचे ठोके सांगणारी तबकडीही निघाली. सुरू-बंद आणि शून्यावर आणणं यांसाठी दोन वेगळी बटणं देण्याची सोय ब्राइटलिंगने १९३४ मध्ये केली. आज ओळखीचं असलेलं रूप तिथून ठरलं.

मागचं झाकण उघडलं की खरी मजा. चांगल्या जुन्या मशीनमध्ये एका चाकावर इवलेसे खांब उभे असतात, ते कॉलम व्हील. बटण दाबलं की ते एक घर सरकतं, एका दांडीचं टोक खांबावरून खाचेत पडतं, आणि धावत्या सेकंदाच्या चाकाला दुसरं चाक येऊन भिडतं. वाल्जू ७२ आणि व्हीनस १७५ ही या घराण्यातली नामांकित मशीनं. लँडेरॉन ४८ मध्ये खांबांऐवजी कॅम असतो. बनवायला स्वस्त, म्हणून ते बसवलेल्या घड्याळांची संख्याही मोठी. नवख्याने सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. मात्र काही जुन्या मशीनमध्ये काटा धावत असताना शून्याचं बटण दाबलं तर आतलं काही मोडू शकतं, एवढं लक्षात ठेवावं.

आपल्याकडे हा प्रकार बाहेरूनच आला. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीने बंगळूरला कारखाना काढला, पण घराघरांत पोचली ती जनता आणि पायलटसारखी साधी चावीची घड्याळं. त्यातही सोन्याचं घड्याळ लग्नात मिरवायचं आणि स्टीलचं कामावर न्यायचं, अशी समजूत. लिलावात मात्र हा हिशेब उलटा होतो. पाटेक फिलिप कंपनीचं १५१८ क्रमांकाचं क्रोनोग्राफ बहुतेक सोन्यातच बनलं. स्टीलची माहीत असलेली घड्याळं अवघी चार. त्यातलं एक २०१६ मध्ये जिनिव्हात १.१ कोटी स्विस फ्रँकच्या वर गेलं.

अशा घड्याळाची किंमत ठरते ती केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, कडांवर. हे सिन्नरच्या माळेगाव-मुसळगाव औद्योगिक पट्ट्यातल्या कामगाराला समजावून सांगावं लागत नाही. बफिंगच्या चाकावर स्टील धरलं की चकाकी येते, पण धातूही जातो. कडा गोल होते, कोरलेली अक्षरं उथळ होतात. पन्नास वर्षांत चार दुकानदारांनी प्रेमाने चकाकवलेली केस साबणाच्या वडीसारखी दिसते. ओरखडे असलेली, पण कडा शाबूत राहिलेली केस तिच्यापेक्षा कितीतरी मोलाची.

तबकडीचंही तसंच. भडक रंगात पुन्हा रंगवलेल्या, इकडचे काटे तिकडे बसवलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. मला त्यातला तुच्छतेचा सूर पटत नाही. सुटे भाग मिळत नसताना, काळवंडलेली तबकडी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला घड्याळ पुन्हा वाचता येईल असं करून देणं ही कारागिरी होती. लबाडी सुरू होते ती हाच माल ‘अस्सल, जसाच्या तसा’ म्हणून विकताना. तेव्हा भिंगाखाली अक्षरांच्या कडा पाहाव्यात. कारखान्यातली छपाई नेटकी, सपाट आणि सारख्या जाडीची. हाताने रंगवलेल्या अक्षरात जाडी कमीजास्त होते आणि मिनिटांच्या रेघा छोट्या तबकड्यांच्या काठावर चुकतात.

घेण्यापूर्वी बटणं स्वतः दाबून पाहावीत. मोजणीचा काटा सुरू होताना झटका घेऊन पुढे उडी मारत असेल, किंवा परतताना बाराच्या अलीकडे-पलीकडे थांबत असेल, तर आत काम आहे. ते सगळ्यांना जमत नाही. साधं ऑइलिंग करणारा चांगला घड्याळवालाही क्रोनोग्राफ पाहून हात जोडतो. काम खर्चिक, भाग दुर्मीळ. म्हणून जाणते लोक त्याच मशीनचं एखादं मेलेलं घड्याळ मिळालं की स्वस्तात उचलून ठेवतात, आतल्या चाकांसाठी आणि स्प्रिंगांसाठी.