अरबीत आपले नाव काय झाले आहे?



घरातली एमिरेट्स आयडीची कार्डे जरा बाहेर काढा. इंग्रजी नावाबरोबर अरबी नावही असते, ते आपल्यापैकी किती जणांनी कधी वाचले आहे? आम्ही रोल्लातल्या काही मराठी घरांनी ही कार्डे एकत्र ठेवून अक्षर अक्षर लावून पाहिले. बरीच करमणूक झाली, आणि थोडी काळजीही वाटली.

अरबीत अक्षरे २८. त्यांत प नाही, च नाही, ट-ठ-ड-ण-ळ तर नाहीतच, आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. पाटील लिहायचे तर बा, अलिफ, ता, या, लाम. वाचणारा 'बातील' म्हणतो. देशपांड्यांचे 'देशबांदी' होते. हे एक वेळ चालेल.

खरा घोळ पुढे आहे. टायपिंग सेंटरमधला माणूस आपले नाव ऐकून लिहीत नाही, पासपोर्टवरचे इंग्रजी पाहून लिहितो. काळे म्हणजे के-ए-एल-ई. ते कुणी इंग्रजी शब्दासारखे 'केल' वाचले की अरबीत काफ, या, लाम! यातून काळे परत काढून दाखवा. साठ्यांचा ठ इंग्रजीत टी-एच होतो, म्हणून तिथे 'थिंक'मधल्या थ चे अक्षर येऊन बसते. गणेशचा ग कुणी घैनने लिहितो, कुणी जीमने. कैरोत जीमचा उच्चार ग असल्यामुळे इजिप्शियन टायपिस्टच्या दृष्टीने ते अगदी बरोबर असते. दुसरा कुणी अरब मात्र 'जानेश' वाचेल.

असाच पेच मेक्सिकोत आस्तेकांच्या लेखनिकांपुढे होता. त्यांच्या नावात्ल भाषेची चित्रलिपी होती. इत्स्कोआत्ल या राजाच्या नावाचा अर्थ काळ्या काचेसारख्या दगडाच्या पात्यांचा साप, म्हणून पाठीवर पाती असलेला साप काढला की झाले. पण १५३५ साली स्पेनचा व्हाइसरॉय आला आंतोनिओ दे मेंदोसा. या नावाचे चित्र काय काढणार? त्यांनी घायपात (मेत्ल) आणि घुशीसारखा बीळ करणारा प्राणी (तोसान) काढला: मे-तोसा. नावात्लमध्ये द नाही, म्हणून त. जसा आपल्या प चा ब. अर्थ शोधणाऱ्याला तिथे घायपात आणि घूसच दिसेल, व्हाइसरॉय दिसणार नाही.

(आपले रोल्ला मात्र अर्थाचे नाव. रोल्ला म्हणजे वड. इथला जुना वड १९७८ साली पडला, नाव राहिले. थोडक्यात आपण वडगावकरच!)

काळजी अशी, की आमच्या ओळखीच्या एका घरी वडिलांच्या आयडीवर घैन आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्याच नावात जीम आला. इंग्रजी दोन्हीकडे तंतोतंत सारखे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आले नाही. अरबी वाचणाऱ्या कारकुनाला ती दोन वेगळी माणसे वाटली. दुरुस्तीसाठी कामावरून सुट्टी काढून हेलपाटे घालावे लागले.

तेव्हा घरातल्या थोरल्याच्या जुन्या कागदावरचे अरबी नाव प्रमाण धरा. ते उच्चाराने थोडे वाकडे असले तरी चालेल, सगळीकडे एकच असले म्हणजे झाले. त्याची झेरॉक्स पाकिटात ठेवा आणि टायपिंगच्या वेळी समोर ठेवा. कच्ची प्रत दाखवतात तेव्हा इंग्रजी तपासून लगेच मान डोलवू नका. अरबी अक्षरेही मोजून पाहा. पाटलांची पाच, देशपांड्यांची आठ.