गावाचा टीव्ही गावातून गेला

'आमची माती, आमची माणसं' लागलं की पंचायतीच्या टीव्हीपुढं बसायला जागा मिळायची नाही, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पण तो कार्यक्रम मुंबई दूरदर्शनचा, साऱ्या राज्याला एकच. कोकणातला भात आणि मराठवाड्यातली ज्वारी एकाच कार्यक्रमात बसवायची. शेजारच्या गुजरातेत मात्र एका जिल्ह्याला स्वतःचं टीव्ही केंद्र होतं. ते कसं चाललं आणि कसं गेलं, हे आपल्यालाही माहीत असावं.

खेडा जिल्हा म्हणजे आणंदच्या अमूल डेअरीचा टापू. तिथल्या पीज या गावी 1975 साली एक किलोवॅटचा ट्रान्समीटर बसला. इस्रोचं अहमदाबादचं केंद्र आणि दूरदर्शन मिळून कार्यक्रम करत. सुमारे 400 गावांत 600 च्या आसपास सार्वजनिक संच दिले होते. बरेचसे संच दूध सोसायटीच्या जागेत होते. दूध घालायला आलेला माणूस तिथंच टेकायचा आणि बघायचा.

बोली तिथलीच, चेहरे तिथलेच. विषयही पोटातले: शेतमजुराची मजुरी, अस्पृश्यता, दारू, कुटुंबनियोजन. कार्यक्रम करणारे आधी गावात जाऊन विचारायचे, दाखवून झाल्यावर परत जाऊन लोकांना काय पटलं ते बघायचे. मजुरीचा विषय मोठ्या बागायतदाराला गोड लागणारा नव्हता, तरी तो दाखवला गेला. या कामाला 1984 साली युनेस्कोचा ग्रामीण संपर्काचा पुरस्कार मिळाला.

आणि पुढच्याच वर्षी, 1985 ला, केंद्र बंद झालं! अहमदाबादला मोठा ट्रान्समीटर आला होता, मग छोट्याचं काय काम, असा हिशेब झाला. गावकऱ्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही.

इथंच खरी गोम आहे. त्याच जिल्ह्यातली दूध डेअरी 1946 पासून आजही उभी आहे, कारण ती सभासदांची आहे. टीव्हीवर दिसणारी माणसं गावची होती, पण यंत्र गावचं नव्हतं. ज्याचं यंत्र, त्याचा निर्णय.

सरकारी सोडा, खासगीचंही तेच. हैदराबादच्या कंपनीची ई टीव्ही मराठी वाहिनी 2000 साली आली. 'अन्नदाता' हा शेतीचा कार्यक्रम अनेक शेतकरी सकाळी उठून बघायचे. 2014 मध्ये वाहिनी दुसऱ्या कंपनीकडे गेली, 2015 मध्ये नावही बदललं. हा व्यवहार होताना शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारणार तरी का? तो प्रेक्षक होता, मालक नव्हता.

मग करायचं काय? गावागावात टीव्ही केंद्र काढणं आपल्या आवाक्यातलं नाही. पण रेडिओ आहे. 2006 च्या धोरणानं कृषी विज्ञान केंद्रांना आणि सेवाभावी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी केली. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागानं करायचे, अशी अट आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं आणि माणदेशात म्हसवडच्या संस्थेनं असे रेडिओ काढले आहेत. सरपंच-ग्रामसेवकांनी एकदा जाऊन बघावेत.

मात्र तिथं गेल्यावर यंत्र केवढ्याचं, एवढंच विचारून येऊ नका. काय लावायचं आणि बंद करायचं झालं तर कुणाला विचारायचं, हे कुणाच्या हातात आहे, तेही विचारा. पीजच्या लोकांना हा प्रश्न सुचला, तेव्हा फार उशीर झाला होता.