औद्योगिक कामगारांमधील उच्च रक्तदाब

धमन्यांच्या भित्तिकांवर पडणारा रक्ताचा दाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही पाऱ्याच्या १४०/९० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भरत असल्यास त्या अवस्थेस उच्च रक्तदाब म्हणतात. वय, आनुवंशिकता, लठ्ठपणा, अतिरिक्त मीठ, तंबाखू व मद्यपान हे धोक्याचे नेहमीचे घटक कामगारांनाही लागू पडतात. कारखान्यात त्यांत कामाच्या परिस्थितीची भर पडते. तिचा विचार मात्र क्वचितच होतो.

कामाशी निगडित घटक

यंत्रमाग किंवा प्रेस विभागातील सततच्या गोंगाटाने शरीरात ताणाची संप्रेरके स्रवतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व हृदयाचे ठोके वाढतात. ‘आता आवाजाची सवय झाली’ असे कामगार म्हणतो, तरी शरीराची ही प्रतिक्रिया थांबतेच असे नाही. भारतात आठ तासांच्या पाळीसाठी असलेली ९० डेसिबलची मर्यादा श्रवणशक्ती डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली आहे, रक्तदाब नव्हे.

निरोगी व्यक्तीचा रक्तदाब झोपेत साधारणतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो. रात्रपाळी व सतत बदलणाऱ्या पाळ्यांमुळे हा क्रम बिघडतो. जादा कामाचे तासही घातक ठरतात : आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये नमूद केले.

बॅटरी कारखान्यांतील शिसे मूत्रपिंडे व रक्तवाहिन्यांवर परिणाम करून रक्तदाब वाढवते.

कायदेशीर स्थान

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८च्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा इत्यादी रोग होते. उच्च रक्तदाब नव्हता. एकाच गोंगाटाने झालेल्या दोन हानींपैकी त्यामुळे एकीचीच नोंद व्यावसायिक रोग म्हणून होत असे आणि दुसरीचा दोष कामगाराच्या सवयींवर जात असे.

निदान व उपचार

बहुधा कोणतेही लक्षण नसल्याने मोजणीवाचून हा विकार कळत नाही. यंत्रावरून उठून येताच घेतलेला आकडा फसवा असतो. पाच मिनिटे शांत बसवून मोजणी करावी लागते. औषध ठरवताना डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. भट्टीजवळ घाम गाळणाऱ्या कामगारास लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरातील पाणी कमी होऊन चक्कर येऊ शकते, आणि भट्टीपाशी चक्कर येणे जीवावर बेतू शकते.