शेतीशाळा : जावा बेटावरून आपल्या धुऱ्यापर्यंत

प्रौढ शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र उभं राहतं. रात्रीची वेळ, समाजमंदिरात लावलेला दिवा, हातात पाटी आणि ‘ग म भ न’ गिरवणारे आजोबा. ते चित्र खोटं नाही. त्या वर्गांनी कित्येकांचा अंगठा सोडवला. पण अक्षर आलं की मोठ्या माणसाचं शिक्षण संपलं, हा समज मात्र खोटा आहे. सही करता येणारा कास्तकारसुद्धा कृषी केंद्राच्या काउंटरवर जाऊन “अळी पडली, काहीतरी जालीम द्या” एवढंच म्हणत असेल, तर त्याची शाळा अजून बाकी आहे असंच म्हणावं लागेल.

ही बाकी राहिलेली शाळा म्हणजे आपल्या वावरात भरणारी शेतीशाळा. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा या सहाही तालुक्यांत हा शब्द आता नवा राहिलेला नाही. पण ही शाळा आली कुठून, कोणी आणली आणि तिच्यात नेमकं काय शिकायचं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून आज तिचीच गोष्ट सांगतो.

अक्षरांच्या पुढचं शिक्षण

मोठ्या माणसांच्या शिक्षणाचा विचार कोण्या एका देशाने एकट्याने केलेला नाही. युनेस्कोने प्रौढ शिक्षणावरची पहिली जागतिक परिषद १९४९ मध्ये डेन्मार्कमधल्या एल्सिनोर इथे भरवली. अशी सातवी परिषद २०२२ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात झाली. मधल्या काळात, १९६५ मध्ये इराणच्या तेहरान शहरात देशोदेशीचे शिक्षणमंत्री जमले होते. माणसाच्या रोजच्या कामाशी जोडलेली साक्षरताच टिकते, असा विचार तिथे पुढे आला. ८ सप्टेंबरला आपण साक्षरता दिन पाळतो, तो त्याच परिषदेची आठवण आहे.

त्याच विचाराच्या वाटेने आपल्या देशात १९६७-६८ मध्ये किसान साक्षरता योजना आली. संकरित आणि सुधारित वाण तेव्हा नुकतेच येत होते. खताची मात्रा, पेरणीतलं अंतर, औषधाचं प्रमाण हे वाचता यावं म्हणून शेतकऱ्याला अक्षर शिकवायचं, असा तो बेत होता. पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, आणि २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’ आला.

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता शेकडा ८३ च्या आसपास होती. बायकांची मात्र ७५ च्या आसपास. म्हणजे दर चार बायकांमागे एकीला वाचता येत नव्हतं. हा आकडा ध्यानात ठेवा. शेतीशाळेचा विचार करताना तो पुन्हा लागणार आहे.

इंडोनेशियाला बसलेला फटका

आता थोडं दूर जाऊ. इंडोनेशिया हा भाताचा देश. १९८४ मध्ये तो तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. सरकारने कीटकनाशकांवर भरपूर अनुदान दिलं होतं, त्यामुळे औषध स्वस्त आणि फवारणी सढळ. पण दोनच वर्षांत तपकिरी तुडतुड्याने थैमान घातलं. जितकं जास्त फवारावं तितके तुडतुडे वाढत गेले. कारण साधं होतं. औषधाने तुडतुडा मरत होता, पण त्याला खाणारे कातीण, ढेकूण आणि भुंगेरेही मरत होते. राखणदारच मेल्यावर चोराला रान मोकळं.

नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढे अनुदानही काढून घेतलं. पण बंदीने फक्त बाटली बंद होते, माणसाची सवय सुटत नाही. शेतकऱ्याला वावरातला मित्र कोण आणि शत्रू कोण हे स्वतः ओळखता आलं पाहिजे, हे तिथल्या जाणत्यांनी हेरलं. मग संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मदतीने १९८९ मध्ये जावा बेटावर पहिल्या शेतीशाळा भरल्या.

या शाळेचा नियम वेगळा होता. वर्ग म्हणजे वावर, पुस्तक म्हणजे पीक. पंचवीस-तीस शेतकऱ्यांनी पेरणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला एकत्र यायचं. पाच-पाचचे गट करून झाडं तपासायची, किडी मोजायच्या, जे दिसलं ते मोठ्या कागदावर रंगीत खडूने काढायचं आणि मग सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यायचा. शिकवणारा भाषण देत नाही, तो प्रश्न विचारतो. “ही कोणती कीड?” असं विचारलं तर तो नाव सांगत नाही. उलट विचारतो, “कुठे सापडली? काय खात होती? तिला कोण खातं?”

ही रीत भाताच्या देशांतून फिलिपाईन्स, व्हिएतनाम, बांगलादेशात गेली. पुढे आफ्रिकेत गेली. आज नव्वदच्या आसपास देशांत ती पोचलेली आहे.

आपल्याकडे कशी आली?

परदेशातली शेतीविद्या आपल्याकडे येणं तसं नवीन नाही. आपल्या वऱ्हाडचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना भाताच्या जपानी पद्धतीचा देशभर प्रचार झाला. १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, तेही त्यांच्याच पुढाकाराने. पण तेव्हा येत होतं ते तंत्र. तज्ज्ञ सांगणार आणि शेतकरी करणार, अशी ती रीत होती. शेतीशाळेने तंत्र आणलं नाही, तंत्र तपासण्याची सवय आणली. दोहोंतला फरक मोठा आहे.

भारतात १९९० च्या दशकात केंद्र सरकारच्या एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रांनी शेतीशाळा सुरू केल्या. १९९९ ते २००४ या काळात अन्न व शेती संघटना आणि युरोपीय संघ यांच्या मदतीने कापसासाठी सहा देशांचा एकत्र कार्यक्रम चालला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, चीन, फिलिपाईन्स आणि व्हिएतनाम हे ते देश. बोंडअळीला सीमा कळत नाही. मग तिच्याशी लढायची अक्कल तरी सीमेवर का अडवावी?

आपल्या जिल्ह्यात शेतीशाळेला जोर आला तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, म्हणजे ‘पोकरा’ने. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात विदर्भ, मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांबरोबर वाशिमही होता. जागतिक बँकेने त्यासाठी ४२ कोटी डॉलर दिले, उरलेला वाटा राज्याचा. पहिला टप्पा २०२४ मध्ये संपला. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे घेतले, त्यातही वाशिम आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. जागतिक बँकेचा पैसा हा दानधर्म नाही, ते कर्ज आहे. ते राज्य फेडणार, म्हणजे शेवटी तुम्ही-आम्हीच फेडणार. ज्या शाळेची फी आपणच भरतो, तिथून कोरडं परत येणं कोण्या हिशेबात बसतं?

शेतीशाळेत काय घडलं पाहिजे?

आपलं मुख्य पीक सोयाबीन, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ.

शाळा पेरणीच्या आधी भरते. पहिला धडा उगवणशक्तीचा. घरच्या बियाण्यातले सरसकट १०० दाणे घ्या, ओल्या बारदान्यात ओळीने मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा त्याहून जास्त निघाले तर एकरी ३० किलोने पेरा. थोडे कमी निघाले तर त्या मानाने बियाणं वाढवा. फारच कमी निघाले तर ते बियाणं पेरूच नका. या परीक्षेला एक रुपया लागत नाही, पण दुबार पेरणीचा खर्च वाचतो. त्याच जोडीने ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढायची नाही, हाही धडा गिरवायचा.

पीक वर आलं की निरीक्षण सुरू. वावरात पाच ठिकाणी जा. प्रत्येक ठिकाणी एक मीटर ओळ धरा, झाडं हलकेच हलवून खाली पडलेल्या अळ्या मोजा. उंटअळी किती, तंबाखूची पानं खाणारी अळी किती, चक्रीभुंग्याने खाप घेतलेली झाडं किती? त्याच वेळी ढालकिडे, क्रायसोपा, कातीण किती तेही मोजा. ऑगस्टच्या दमट हवेत काही अळ्या पांढऱ्या पडून पानाला चिकटलेल्या दिसतील. ती नोमुरिया बुरशीची करामत आहे. अळीला रोग लागलेला असताना वरून औषध मारणं म्हणजे मेलेल्याला मारणं. मोजलेला आकडा कृषी विद्यापीठाने दिलेल्या नुकसानीच्या पातळीशी ताडून बघा. पातळीच्या खाली असेल तर पंप खुंटीलाच टांगलेला बरा.

“पण पानं तर चाळण झाली ना साहेब!” हे हमखास ऐकू येतं. त्याचंही उत्तर वावरातच आहे. शेतीशाळेत चार ओळी निराळ्या ठेवतात. फुलोऱ्याच्या आधी त्यातल्या झाडांची पाव भाग पानं कात्रीने कापतात आणि शेवटी उतारा मोजतात. झाड नवी पानं काढून भरपाई करतं, उत्पादनात फारसा फरक पडत नाही. हे मी दहा वेळा सांगितलं तरी पटणार नाही. तुम्ही स्वतः कापून, स्वतः मोजून पाहिलं की जन्मभर विसरणार नाही. मोठ्या माणसाच्या शिक्षणाचं मर्म हेच आहे.

यजमान शेतकऱ्याच्या वावरात एक तुकडा सुधारित पद्धतीचा आणि एक नेहमीच्या पद्धतीचा असतो. शेवटच्या वर्गात दोहोंचा जमाखर्च फळ्यावर मांडायचा. किती क्विंटल पिकलं एवढंच बघू नका. एका क्विंटलमागे किती खर्च आला ते बघा.

बाटलीवरचा त्रिकोण

हे सगळं फक्त पैशाचं असतं तर एवढ्या कळकळीने लिहिलं नसतं. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसजणांच्या आसपास माणसं दगावली. डोक्याएवढी पराटी, दमट हवा, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगावर ना हातमोजे ना तोंडाला फडकं. त्यात मजुरी करणारेही होते. वावर दुसऱ्याचं, औषध दुसऱ्याने आणलेलं, जीव मात्र त्यांचा.

प्रत्येक बाटलीवर रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा त्यामानाने कमी. कमी म्हणजे निर्धोक नव्हे. माहितीपत्रकातली बारीक अक्षरं सगळ्यांना वाचता येतील असं नाही, पण रंग तर सगळ्यांना कळतो. जी शाळा हे शिकवते ती जीव वाचवते. म्हणून शेतीशाळेत मालकाबरोबर फवारणी करणारा गडीही बसला पाहिजे.

हजेरीपुरती शाळा नको

खरं बोलायचं तर सगळ्याच शेतीशाळा अशा भरत नाहीत. कुठे धुऱ्यावर सतरंजी टाकून भाषण होतं, हजेरीवर सह्या होतात, फोटो निघतो, चहा-नाश्ता होऊन मंडळी पांगतात. वावरात पाय कोणी ठेवत नाही. यात आम्हा शिकवणाऱ्यांनी सुधारायचं आहेच, पण तुम्हीही हक्काने म्हणायला पाहिजे, “साहेब, भाषण राहू द्या, आधी वावरात चला.”

दुसरी उणीव बायकांची. निंदण बायका करतात, तुरीच्या शेंगा त्या तोडतात, कापूस त्या वेचतात. कीड पहिल्यांदा त्यांच्याच नजरेला पडते. आणि शाळेत मात्र पुरुष बसतात! वाचता येत नाही म्हणून कित्येक जणी मागे राहतात. इथेच तो चारांतल्या एकीचा आकडा आठवा. शेतीशाळेला अक्षराची अट नाही. अळी मोजायला, चित्र काढायला, चांगलं-वाईट ठरवायला नजर लागते, आणि ती त्यांच्याजवळ आपल्यापेक्षा जास्त आहे. बचत गटाच्या बायांची वेगळी शेतीशाळा मागा. त्यांच्या निंदणाच्या वेळा बघून तिची वेळ ठरवा.

येत्या हंगामात हे करा

गावचे सहायक कृषी अधिकारी (म्हणजे पूर्वीचे कृषी सहायक) यांना आताच गाठा आणि शेतीशाळेत नाव घाला. प्रकल्पाच्या यादीत गाव नसेल तरी अडून बसू नका. पंधरा-वीस जणांचा गट करा, एकाचं वावर ठरवा, आठवड्याचा एक वार पक्का करा. विचारायला करड्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. लागतं काय? एक वही, एक मीटरची काठी, थोडे रंगीत खडू. दर आठवड्याचे आकडे वहीत लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावं, शाळेत जाणाऱ्या पोरीने लिहावं. त्या निमित्ताने घरातल्या कोणाला अक्षर शिकायची इच्छा झाली तर उल्लासच्या वर्गासाठी गावच्या शाळेत गुरुजींना भेटा.

प्रकल्प येतील आणि मुदत संपली की जातील. कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतील. इंडोनेशियाच्या शेतकऱ्याने फटका खाऊन जे शिकून ठेवलं, ते आपल्याला फटका न खाता मिळतं आहे. ते वहीत आणि नजरेत उतरवून घ्या, म्हणजे प्रकल्प गेल्यावरही शाळा गावातच राहील. उद्या शेजारच्या गावाने विचारलं तर त्यांनाही शिकवायला जा. शिकलेलं दुसऱ्याला सांगत जाण्यानेच ही शाळा एवढ्या लांबून आपल्यापर्यंत आली आहे.