साठीनंतरचा योगशिक्षक



शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींना गावात दोन प्रश्न हटकून विचारतात. पेन्शन सुरू झाली का, आणि आता दिवसभर करता काय? काहींनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरवलेले असते : योग शिकायचा आणि गावाला शिकवायचा. त्यावर पहिला टोला घरातूनच बसतो. "अहो, खाली बसलात तर उठताना तुम्हाला हात द्यावा लागतो, आणि तुम्ही आसनं शिकवणार?"

या बोलण्याने नाउमेद होऊ नका. हठयोगप्रदीपिकेसारख्या जुन्या ग्रंथातदेखील तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, आजारी, अशक्त या सर्वांना अभ्यासाची वाट मोकळी ठेवली आहे. आपल्या खानदेशातले उदाहरण घ्या. अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत काम करणारे जगन्नाथ गणेश गुणे 1919 साली माधवदासजी या योगी पुरुषाकडे गेले, तेव्हा त्यांचे वय छत्तिशीच्या घरात होते. पुढे 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम काढले. हेच स्वामी कुवलयानंद. छत्तिशी म्हणजे काही साठी नव्हे, हे मान्य; पण धंदा शिक्षकाचा, आणि योगाची खरी वाट सापडली ती प्रौढपणीच.

शरीर वाकत नाही ही उशिरा शिकणाऱ्याची अडचण खरी, पण शिकवताना तिचाच उपयोग होतो. लहानपणापासून तारेसारखा वाकणारा माणूस शेजाऱ्याचा गुडघा का वळत नाही हे सहसा ओळखू शकत नाही. ज्याने स्वतः बोटाबोटाने अंतर कमी केले, त्याला ते न सांगता कळते. पालथी मांडी येत नसेल तर खाली घडी केलेली घोंगडी घ्यावी, तोल जात असेल तर भिंतीला हात टेकावा, या युक्त्या त्याला अनुभवाने माहीत असतात.

धोका निराळाच आहे. तो उत्साहाचा. मला बरं वाटलं, म्हणजे सगळ्यांना बरं वाटणारच, असे उशिरा शिकलेल्या माणसाला फार लवकर वाटू लागते. मग पंधरा दिवसांत तो पारावर सांगू लागतो, "मामा, आता रक्तदाबाच्या गोळ्या कशाला? प्राणायाम करा, गोळ्या द्या टाकून!" मंडळी, हे बोलणे एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरने ठरवायचे. आपण ठरवायचे ते एवढेच, की या माणसाला कोणते आसन द्यायचे नाही.

आणि शिकवण्याचा निम्मा भाग हाच आहे, बरं का! रक्तदाब जास्त असेल त्याला डोके खाली जाणारी आसने आणि श्वास कोंडून धरणे नको. काचबिंदू असेल त्याला शीर्षासन मुळीच नको, कारण त्याने डोळ्यातला दाब वाढतो. उतारवयात, विशेषतः बायकांची पाळी गेल्यावर, हाडे ठिसूळ होतात. अशा आजींची पाठ पश्चिमोत्तानासनात दाबली तर मणका दबून मोडण्याची भीती असते. अंतर्गळ असेल तर भस्त्रिका आणि उड्डियान नको. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारा माणूस पहाटे उपाशीपोटी आला तर त्याला घेरी येऊ शकते. साखरेची पुडी जवळ असू द्यावी. छातीत दुखू लागले तर शवासनात झोपवून वाट पाहत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

शेतकरी म्हणतात, आम्हाला व्यायाम कशाला, दिवसभर राबतोच की! त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पण खुरपणी, लावणी, कापणी या सगळ्या कामांत कंबर पुढेच वाकते. त्यांना पुढे वाकण्याचे आणखी धडे देण्यात काय अर्थ? भुजंगासनासारखे हलके मागे वळणारे आसन, खांदे मोकळे करणे आणि दहा मिनिटे स्वस्थ शवासन, एवढे बऱ्याच जणांना पुरे.

हे सारे पुस्तक वाचून येत नाही. आधी स्वतःची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्या, मग जाणत्या माणसाच्या नजरेखाली निदान वर्षभर अभ्यास करा. रीतसर शिकायचे तर कैवल्यधामात अभ्यासक्रम आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानेही योगशिक्षकाची पदविका चालवली आहे. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने 2018 साली योग प्रमाणन मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षेत लेखी भाग असतो, तसाच प्रत्यक्ष करून दाखवण्याचाही.

वर्गाला देवळाचा सभामंडप चालेल, शाळेचा व्हरांडाही चालेल. फरशी मात्र ओली नको. पहिल्या दिवशी आसन घेऊच नका. एक वही उघडा आणि प्रत्येकाला बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारा : कोणता आजार, कोणते औषध, कधी शस्त्रक्रिया झाली काय? चारचौघांत सांगायला माणसे लाजतात, बायका तर अधिकच. त्यांच्यासाठी एखाद्या जाणत्या आक्कांना सोबत घ्या. वही घरी नेऊन कुलपात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचा तोल जातो त्यांना भिंतीकडेची जागा द्या.