धानोऱ्याच्या वाटेवरील तीस वर्षे

बोरगाव मेघेच्या ग्रामपंचायतीसमोर सकाळच्या प्रहरी क्षणभर थांबले, म्हणजे घरकराची पावती, रहिवासाचा दाखला अथवा नळजोडणीचा अर्ज हाती घेतलेली माणसे दिसतात. वर्धा शहराला भिडून वाढलेल्या या गावाची वस्ती शहरी असली तरी दप्तर अद्याप गावाचेच आहे. नळ, नाली, दिवा, दवाखाना या साऱ्या गोष्टी दुसऱ्या कोणी द्यावयाच्या आणि आपण अर्ज करून घ्यावयाच्या, हा संस्कार आपणा सर्वांच्या मनात इतका खोल रुजला आहे, की त्याहून निराळी रीत असू शकते हे कोणी सांगितले तर ते प्रथम खरेच वाटत नाही. ती निराळी रीत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, गोंड आदिवासींनी तीस वर्षे खपून सिद्ध केली.

१९८२ हे वर्ष या मागोव्याचा आरंभबिंदू मानावयास हरकत नाही. त्या वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, आणि १५ नोव्हेंबरला आमच्या धाम नदीच्या काठी, पवनारात, विनोबांनी देह ठेवला. दोनच वर्षांनी, गोदावरीवरील इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या नियोजित धरणांनी आपली गावे व अरण्ये बुडणार हे उमगताच, आदिवासी समाज 'जंगल बचाओ, मानव बचाओ' म्हणत रस्त्यावर उतरला. लाल श्याम शाह हे त्या आंदोलनाचे आदिवासी नेते होते आणि आमच्या हिंगणघाटात जन्मलेले बाबा आमटे त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. धरणे मागे पडली. परंतु संकट टळल्यावर घरोघर परतलेल्या माणसांपैकी काहींच्या मनात एक प्रश्न शिल्लक राहिला : दूरच्या सत्तेला नको म्हणण्याचे बळ आपल्या अंगी आहे, तर आपल्या गावाचा कारभार पाहण्याचे का नसावे?

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे चारपाचशे वस्तीचे गोंड गाव या प्रश्नाला चिकटून बसले. देवाजी तोफा हे त्या गावचे, तर मोहन हिराबाई हिरालाल हे सर्वोदयाच्या मुशीतून आलेले बाहेरचे स्नेही. मात्र स्नेह्याने मार्ग दाखवावा आणि गावाने मागून चालावे, असा प्रकार तेथे घडला नाही. पहिली कसोटी गोटुलाची होती. तरुणांच्या शिक्षणाचे व गावाच्या बैठकीचे ते परंपरागत स्थान नव्याने उभारण्यासाठी गावाने रानातून सागवान आणले. जमीनदारीच्या अमदानीत जो निस्तार, म्हणजे घरगुती गरजेपुरते रानातून घेण्याचा हक्क, गोंडांना सहज होता, तो वने सरकारजमा झाल्यावर आक्रसत गेला होता. त्यामुळे वनखात्याने हरकत घेतली आणि ते बांधकाम उतरविले गेले. तेव्हा आसपासच्या गावांनी एकत्र बसून आपापल्या गावी गोटूल बांधावयाचे ठरविले, आणि अखेर खात्याने विरोध सोडला.

'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा मेंढ्याच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. परंतु घोषणेपेक्षा तिच्यामागील बैठकीची पद्धती अधिक मोलाची. गावसभेत बहुमताने ठरत नाही, सर्वसहमतीने ठरते. एकट्या म्हातारीचेही मन वळले नसेल, तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. कारण जिचे ऐकले गेले नाही ती उद्या निर्णय पाळील कशी, असा त्यामागील साधा विचार. शिवाय अभ्यास आणि निर्णय यांची फारकत केलेली : अभ्यासगटात वनाधिकारी, कायदेपंडित, बाहेरचा पाहुणा, कोणीही यावे, बोलावे, माहिती द्यावी, निर्णयाच्या वेळी मात्र बोलावयाचे ते गावानेच. कोणत्याही खात्याची योजना गावात यावयाची ती या बैठकीच्या संमतीनेच.

याच वाटेवर, चातगावाजवळ, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांचे शोधग्राम आहे. रुग्णालय बांधण्यापूर्वी त्यांनी आदिवासींनाच विचारले, की तुम्ही सरकारी इस्पितळात जाण्यास का कचरता? उत्तरे अशी आली, की मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. परिचारिकांची पांढरी वस्त्रे पाहून मृताच्या कफनाची आठवण होते. आणि नातलगांना आजाऱ्याजवळ राहू देत नाहीत. मग दवाखाना गोंड गावासारखा, झोपड्यांचा झाला, आप्तांना सोबत राहण्याची सोय झाली, आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरी देवीचे. औषधे तीच, शस्त्रक्रिया तीच. पण रूप रुग्णांनी ठरविले, म्हणून रुग्ण आले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मेंढ्याच्या अभ्यासाला आधार दिला. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि शेजारच्या मारडासह ते देशातील अशा पहिल्या गावांत गणले गेले. हक्क कागदावर आला तरी बांबू रानातच अडला. तो झाड की गवत, असा वाद घालून वाहतूक परवाना देण्यास वनखाते राजी होईना, जरी कायद्याने बांबूची गणना स्पष्टपणे गौण वनोपजात केलेली होती. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक गावसभेच्या हाती दिले. एरवी वनरक्षकाच्या सहीसाठी ताटकळणारे गाव त्या दिवसापासून आपल्या बांबूचा परवाना आपल्या सहीने देऊ लागले. २०१३ साली तर गावाने महाराष्ट्र ग्रामदान कायदा, १९६४ याखाली आपल्या जमिनींची मालकी गावसभेकडे सोपविली. पवनारच्या विनोबांचा ग्रामदानाचा विचार असा एका गोंड गावात जाऊन पुन्हा अंकुरला.

हे केवळ आपल्याकडचे नवल नव्हे. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या रेडफर्न वस्तीत तेथील आदिवासींनी १९७१ साली आपल्याच समाजाच्या कारभाराखाली दवाखाना उघडला, तोही शोधग्रामासारख्याच अनुभवातून : उपचार उपलब्ध असतात, पण जेथे मान मिळत नाही तेथे माणूस जात नाही.

मेंढ्याने सेवा सुधारल्या त्या शेवटी. आधी त्याने बसण्याची, ऐकण्याची आणि ठरविण्याची रीत सुधारली. बोरगाव मेघेला मेंढ्यासारखे अरण्य नाही आणि एकाच जमातीचा समाजही नाही. तथापि वर्षातून किमान चार ग्रामसभांचा अधिकार कायद्याने आमच्याही गावाला दिलेला आहे. येत्या सभेच्या दिवशी आपण अर्ज घेऊन न जाता शेजाऱ्याला सोबत घेऊन जावे, आणि नालीचा विषय निघाला तर सर्वांत उताराच्या घरी राहणाऱ्या बाईला आधी बोलू द्यावे, एवढा धडा धानोऱ्याच्या वाटेवरून मी माझ्यापुरता घेऊन आलो आहे.