प्रवासांतील पाण्याची शिदोरी

प्रवासास निघतांना आपल्या घरांतून शिदोरीची जितकी चिंता केली जाते, तिच्या दशांशानेंही पाण्याची केली जात नाहीं. दशम्या, मेतकूट, लोणचें यांची यादी आठ दिवस आधीं तयार होते. पाणी मात्र ‘वाटेंत मिळेल’ या एका वाक्यावर सोपविलें जातें. त्या वाक्याचें मोल आम्हांस गेल्या वैशाखांत कळलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा पुतण्या हौशी आहे. मोटारीच्या मागें जोडून न्यावयाचें, आंत निजण्याची, स्वयंपाकाची व न्हाणीची सोय असलेलें एक चाकांवरचें घर त्यानें भाड्यानें मिळविलें. अशा फिरत्या घरांतून पर्यटन वाढावें म्हणून महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं निराळें धोरणही ठरविलें आहे. सांगलीहून विटा, मायणी, दहिवडी या मार्गानें शिखर शिंगणापुरास जावें, शंभुमहादेवाचें दर्शन घ्यावें, आणि गांवापासून दूर एका परिचितांच्या माळावर तीन दिवस मुक्काम करावा, असा बेत ठरला. साताऱ्याची माझी थोरली वहिनी व तिचा चार वर्षांचा नातू धरून आम्ही नऊ माणसें होतों; घरांत न मावणारांसाठीं दोन राहुट्या घेतल्या होत्या.

एकाच सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेकडील माण तालुक्यास पांचशेच्या आसपास पावसावर वर्ष काढावें लागतें. यात्रेकरूंचे पाण्यावांचून हाल होत, म्हणून शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनीं शिंगणापुरीं तलाव बांधविला. आजही चैत्र शुद्ध द्वादशीस सासवडची कावड मुंगी घाटाच्या अवघड चढणीनें, माणसांनीं एकमेकांस हात देत, वर नेली जाते व तिच्यांतील पाण्याचा देवास अभिषेक होतो. जेथें देवासही पाणी खांद्यावरून येतें, तेथें आपण रिकाम्या हातांनीं जाणें शहाणपणाचें नव्हे, असें मीं पुतण्यास सुचविलें. तो हंसून म्हणाला, “काका, या घराच्या पोटांतच शंभर लिटरांची टाकी आहे!”

मीं पाटी घेतली नाहीं इतकेंच; हिशेब मात्र मास्तरी पद्धतीनें करून दाखविला. वैशाखांत पिणें व स्वयंपाक मिळून माणशीं पांच लिटर धरले, तर नऊ जणांस दिवसाला पंचेचाळीस व तीन दिवसांस एकशें पस्तीस लिटर होतात. त्यांत भांडीं नाहींत, स्नान नाहीं, आणि आजारपण तर नाहींच. तेव्हां वीस लिटरांचे तीन नवे डबे घेण्यास तो राजी झाला.

पाणी नेणें म्हणजे ओझें नेणें होय. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. साठ लिटर म्हणजे घरांत आणखी एक धडधाकट माणूस बसला असें समजावें. लहानपणीं आजोबांच्या बैलगाडींत सामान भरतांना मीं पाहिलें आहे : मागें भार अधिक झाला कीं गाडी उलाळ होई व जूं वर उचललें जाई, पुढें फार झाला तर बैलांच्या मानेवर येई. चाकांवरच्या घराचाही न्याय तोच आहे. मागें ओझें झालें तर वेगांत तें शेपटीसारखें डुलूं लागतें. म्हणून डबे आंसाच्या किंचित् पुढें, तळाशीं, दोरीनें आवळून ठेवावे. अर्धी भरलेली टाकी वळणावर डचमळते, तिच्यापेक्षां भरलेले लहान डबे बरे. शिवाय एक फुटला तर बाकीचे राहतात.

भांड्यांविषयीं आमच्या वडील पिढीस उपदेशाची गरज नव्हती. फिरकीचा तांब्या प्रत्येकाच्या पिशवींत असे. मोटारीच्या पुढें किंतानाची छागळ लोंबत असे, व वाऱ्यानें तिच्यांतील पाणी गार होई. हल्लींचे डबे हलके व सोयीचे आहेत, परंतु ज्यांत पूर्वीं तेल वा औषध होतें असा डबा कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्यास घेऊं नये. एप्रिल २०१६ मध्यें आमच्या मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी गेलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी नेलें. पण त्या वाघिणी आधीं राजस्थानांत कोटा येथें वाफेनें धुवून घेतल्या होत्या. पाण्याआधीं भांडें, हा क्रम तेथें चुकला नाहीं.

असो. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं टाकी कोरडी पडली. घर भाड्यानें देणारानें सर्व ठीक असल्याचें सांगितलें होतें; पाहतों तों टाकीखालच्या तोटींतून थेंबथेंब गळून जमीन भिजलेली! तथापि सारा दोष तोटीचा नव्हे. उन्हानें कासावीस होऊन त्याच सकाळीं मीं स्नानसंध्येच्या निमित्तानें दोन बादल्या पाणी अंगावर घेतलें होतें. एक डबा दिवसभरांत संपला. माळावरच्या विहिरीचा तळ दिसत होता, व गांवांतील नळास पाणी सकाळींच यावयाचें होतें.

रात्रीं अकराच्या सुमारास नातवास उलट्या व जुलाब सुरू झाले. तासाभरांत पोर मलूल झालें, ओंठ सुकले. वहिनीनें शिक्कामोर्तब असलेला दुसरा डबा फोडला, एक लिटर पाणी उकळून निवविलें, त्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घातलें (चमचा चहाचा), आणि दर दोन मिनिटांनीं एकेक चमचा त्याच्या तोंडांत घालीत ती बसली. उलटी झाली कीं दहा मिनिटें थांबावें व पुन्हा आरंभ करावा. वारंवार हात, वस्त्रें, अंथरूण धुवावें लागे. तें पाणी कोणीं मोजलें होतें? मोठ्या माणसांनीं त्या रात्रीं घोटघोट पिऊन भागविलें. पुतण्या एक शब्द बोलला नाहीं. तो कंदील धरून उभा होता. पहांटे पोरास लघवी झाली, तेव्हां वहिनीनें प्रथम पदरानें डोळे पुसले.

उजाडतांच दहिवडीस डॉक्टरांकडे नेलें. पाणी वेळेवर पोटांत गेलें म्हणून बरें झालें, असें ते म्हणाले. तिसरा डबा तेव्हां निम्मा उरला होता.

पुढील सहलीची यादी पुतण्यानें परवां मजकडे धाडली. डबे पांच केले आहेत, निघण्यापूर्वीं रात्रभर टाकीखालीं कोरडा कागद पसरून ठेवावयाचा आहे, एक डबा ‘आजारपणाचा’ म्हणून लाल दोऱ्यानें बांधावयाचा आहे. पाण्याच्या एकूण आंकड्यापुढें त्यानें बारीक अक्षरांत लिहिलें आहे : ‘काकांचें स्नान वगळून.’